शालीवरचा ठिपका

१

ठिपका सापडला गुरुवारी सकाळी साडेआठला, आणि सापडला तो दिव्यामुळे.

संग्रहालयाच्या सहाव्या दालनाचं छत काचेचं. तिथल्या तारा बदलायचं काम महिनाभर रखडलं होतं, म्हणून दिवे बंद. वरून उतरेल तेवढ्या उजेडावर दालन चालायचं आणि उजेड गेला की कुलूप लागायचं. त्या सकाळी फोटोग्राफर आला होता. ‘शिवणारी बाई’ पुढच्या महिन्यात परदेशी प्रदर्शनाला जाणार होती, तिचे फोटो हवे होते. संग्रहालयातलं सगळ्यांत मोलाचं चित्र ते. तीनशे वर्षांपूर्वी एका उस्तादाने लाकडी फळीवर काढलेलं. खिडकीशी बसलेली बाई, अंगावर निळसर हिरवी शाल, मांडीवर उसवलेला सदरा आणि बोटांत सुई. बास, एवढंच. पण बघणारा तिथून लवकर हलत नसे.

फोटोग्राफरने जागा आखायला म्हणून एक पिवळा दिवा लावला, झोत चित्रावर वळवला आणि विचारलं, “शालीवर हे काय आहे?”

खांद्याखालच्या घडीत मुगाच्या दाण्याएवढा ठिपका होता. शाल हिरवी, आणि ठिपका वांग्याच्या सालीसारखा जांभळट.

आत्या खुर्चीवरून उठल्या. आत्या म्हणजे सहाव्या दालनाच्या राखणदार. एकतीस वर्षं दारालगतच्या त्याच खुर्चीवर बसून होत्या. तेवढ्या काळात पाच संचालक आले नि गेले, आत्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांना आत्या कोण पहिल्यांदा म्हणालं ते कुणाला आठवत नाही, पण आता संचालकसुद्धा आत्याच म्हणत.

त्यांनी दिवा बंद करायला लावला. ठिपका गेला. पुन्हा लावायला सांगितलं. ठिपका आला. फोटोग्राफर म्हणाला, दिव्याच्या काचेवर डाग असेल. आत्यांनी झोत इकडेतिकडे फिरवून बघितला. झोत सरकला, ठिपका तिथेच.

मग तळघरातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जुन्या चित्रांची डागडुजी करणारा हा पोरगेला माणूस भिंग घेऊन धावत आला. नाक चित्राला टेकेल इतका वाकला, बारीक सुईचं टोक ठिपक्याला लावलं, आणि सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“तेलरंग आहे. वर साय धरलीय, आत अजून ओला. दोन आठवडे, फार तर तीन.”

तीनशे वर्षांच्या चित्रावर तीन आठवड्यांचा रंग.

२

संचालक आले आणि पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे झाले.

सहाव्या दालनात मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते एक नकला काढायची मुभा होती. त्या वेळात बाहेरच्या लोकांना प्रवेश नसे. नियम कडक होते. नक्कल मूळ चित्राहून एक-पंचमांश लहान हवी, कापडाच्या पाठीवर दर महिन्याला कचेरीचा शिक्का हवा, आणि चित्रापुढे बांधलेल्या दोरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. सध्या दोघांना परवाने होते. एक टोपीवाली बाई. वरच्या उजेडाची तिरीप डोळ्यांत येऊ नये म्हणून ती रुंद काठाची टोपी घालून काम करायची, त्यावरून तिला हे नाव पडलं. ती ‘शिवणाऱ्या बाई’ची नक्कल करत होती. दुसरे डॉक्टर, निवृत्त, हौशी. ते शेजारच्या भिंतीवरचे परातीतले मासे उतरवत होते.

संचालकांचं म्हणणं सरळ होतं. शालीसमोर बसून शालीचा रंग कोण घोटतं? टोपीवाली. डॉक्टरांच्या पॅलेटवर करडा आणि तपकिरी, हिरव्याचा थेंब नाही. हातून काहीतरी झालं असणार, बाईने रंग लावून झाकलं असणार. तीन वाजता मंडळाची बैठक होती. तिथे तिचा परवाना रद्द करून नकलांची प्रथाच बंद करावी, असा ठराव ते मांडणार होते.

आत्यांनी ऐकून घेतलं. टोपीवालीला या चित्रासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. साठीची बाई, नकलांवरच आयुष्य काढलेलं. सहा महिने खपून तिची शाल झाली होती, खिडकी झाली होती, चेहरा झाला होता. राहिले होते फक्त हात. आणि असा डाग लागून इथून बाहेर पडलेल्या माणसाला जगातलं कुठलंही संग्रहालय पुन्हा दारात उभं करत नाही.

“साहेब, माझ्या डोळ्यांदेखत या चित्राला कुणी शिवलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले की माणसाचा कधी डोळा लागतो, त्यात गैर काही नाही.

आत्यांना हे झोंबलं. पण त्या रागावल्या की आवाज चढवत नसत, उलट उतरवत.

“एकतीस वर्षांत लागला नाही. म्हणजे हे झालं तेव्हा मी खुर्चीवर नव्हते. आणि गेल्या तीन आठवड्यांत मी खुर्चीवर नाही असा एकच दिवस आहे. मला तीन वाजेपर्यंत द्या.”

३

तो दिवस होता सोळा दिवसांपूर्वीचा मंगळवार. आत्यांची दाढ सुजली होती. आठवडाभर लवंग चघळून बघितली, शेवटी सकाळची रजा टाकून उपटून आल्या. त्या सकाळी पाचव्या दालनाचा पहारेकरी लंबू दोन्ही दालनांच्या मधल्या दारात बसून एक डोळा इकडे, एक तिकडे ठेवून होता.

आत्यांनी आधी लंबूला गाठलं. त्याने शपथेवर सांगितलं की त्या सकाळी आत तिघंच होती. टोपीवाली, डॉक्टर, आणि हवेतला ओलावा मोजायला आलेला दुरुस्तीवाला. तो येऊन काटा बघून गेला असेल पाचेक मिनिटांत. टोपीवाली दहाला कापड घेऊन कचेरीत गेली, शिक्का मारून घ्यायला. तिथे कारकून जागेवर नव्हता, म्हणून परतायला पावणेअकरा झाले.

“आणि तू कुठे बघत होतास?”

लंबूने डोकं खाजवलं. पाचव्या दालनात शाळेची सहल आली होती. चाळीस मुलं. त्यांतलं एक पुतळ्याच्या मांडीवर चढलं होतं.

“म्हणजे दोन्ही डोळे तिकडे.”

लंबूने चहाचा थर्मास पुढे केला. आत्यांनी आपला कप घेतला. निळा, जुना, कान तुटून पुन्हा बसवलेला. तो डॉक्टरांनीच जोडून दिला होता. त्यांच्या रंगपेटीत एक पांढऱ्या पुडीची डबी असे. ईझलचा मोडका पाय, खुर्चीची खाच, कपाचा कान, काहीही आणा, ते कालवून बुजवून द्यायचे आणि वर म्हणायचे, माझ्या आधी तुम्ही मराल, हे तुटणार नाही.

नऊ वाजता टोपीवाली आली. तिला काय झालं ते सांगावं लागलं नाही. दोरीजवळची माणसं आणि त्यांचे चेहरे बघूनच ती थांबली. आत्यांनी ठिपक्याची जागा दाखवली. तिने टोपी मागे सारली आणि बिनदिव्याच्या उजेडात त्या घडीकडे बघत राहिली. चांगली तीन मिनिटं.

“फार सुंदर जुळवलाय,” ती शेवटी म्हणाली. “मला हाच रंग जुळायला तीन आठवडे लागले.”

संचालकांनी आत्यांकडे बघितलं. आता आणखी काय हवं, असं ते बघणं होतं.

आत्यांनी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, बाई, जिभेला जरा लगाम घाला. पण टोपीवालीचं म्हणणं, खरं ते खरं. कुणी केलं ठाऊक नाही, मी केलं नाही. पण काम चांगलं असेल तर वाईट म्हणायला मी शिकलेले नाही. आत्यांनी विचारलं, असा रंग जुळवील असा हात या इमारतीत कुणाचा?

“दोघांचा,” ती म्हणाली. “एक माझा. दुसरा खाली तळघरात बसतो.”

४

तळघरात खिडकी नव्हती. टेबलावर एक पिवळा दिवा, त्याखाली चिमुकल्या वाट्यांत कोरडे रंग. दुरुस्तीवाल्याने आत्यांना बघितलं आणि बसायला स्टूल द्यायचंही विसरला. त्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. दोरी ओलांडून चित्राजवळ जायची परवानगी फक्त त्याला. चित्राला खड्डा पडला तर तो बुजवायची विद्याही त्याच्याकडेच. हे त्याच्या लक्षात आलेलं होतं.

“आत्या, मी नाही,” तो म्हणाला.

“बाळा, मी अजून विचारलं कुठे? तू काम कसं करतोस ते दाखव.”

त्याने दाखवलं. एका जुन्या फळीवरची कालच रंगवलेली जागा घेतली, कापसाचा बोळा औषधात बुडवून फिरवला, आणि रंग पुसून निघाला. आमच्या धंद्याचा पहिला नियम हाच, तो म्हणाला, आज लावलेलं उद्या पुसता आलं पाहिजे. म्हणून तेलरंग आम्ही हातातही धरत नाही. सकाळी त्या ठिपक्यावर त्याने हाच बोळा फिरवला होता, तो ढिम्म हलला नव्हता.

आत्यांचं लक्ष मात्र बोळ्याकडे नव्हतं, दिव्याकडे होतं.

“तू रंग कालवतोस तो याच दिव्याखाली?”

“दुसरा उजेड आहे कुठे इथे?”

आत्यांना कापडाचं दुकान आठवलं. दुकानात दिव्याखाली पोलक्याचा तुकडा जुळवून घ्यावा, घरी येऊन अंगणात धरावा, तर दोन्हींचं एकमेकांशी काही नातंच नाही. म्हणून शहाणी बाई तुकडा घेऊन आधी दुकानाच्या पायरीवर येते. काही रंग एका उजेडात जुळे भाऊ असतात आणि दुसऱ्या उजेडात नुसते शेजारी. या पोराने ठिपका कालवला असता तर तो दिव्याखाली जुळला असता आणि वर काचेच्या छताखाली उघडा पडला असता. झालंय ते नेमकं उलट. ज्याने कुणी तो रंग कालवला, त्याने वर, उजेडात कालवला.

आत्यांनी हे सांगितल्यावर दुरुस्तीवाल्याने पहिल्यांदा नीट श्वास घेतला. आणि जीव भांड्यात पडल्यामुळे असेल, त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. रंगाखाली खड्डा आहे. मूळ रंगाची एक खपली लाकडापर्यंत उडालीय आणि खड्डा कशाने तरी पांढऱ्याने भरलाय. आम्ही खडू आणि सरस भरतो, तो नखाने उकरता येतो. हे उकरलं तर सुई मोडेल.

“आणि कडा तर अशा बसवल्यात, आत्या, की काय सांगू. मला नाही जमणार.”

आत्या जिना चढताना थांबल्या. पोरगा सुटला हे खरं. पण उजेडात कालवणारी माणसं वर दोनच, आणि हिरवा रंग बाळगणारी एकच. एका गळ्यातला फास काढायला गेल्या आणि दोर दुसऱ्या गळ्याभोवती आवळून आल्या.

५

एक वाजता डॉक्टर सामान आवरत नव्हते, ही पहिली गोष्ट आत्यांना खटकली. एरवी एकच्या ठोक्याला त्यांची पेटी बंद.

सकाळपासून ते माशांपुढे बसून होते. सगळ्यांत वरच्या माशाचा डोळा त्यांनी काढला, पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. आत्या शेजारच्या बाकावर टेकल्या. डॉक्टरांनी आधी दाढेची चौकशी केली. खड्डा भरून आला का? डाव्या बाजूने चावता का? ज्याच्याकडे पाठवलं तो माझाच शिष्य, हात हलका आहे की नाही? आत्या म्हणाल्या, हात हलका आहे, बिल जड होतं. दोघं हसली.

मग त्यांनी त्या मंगळवारचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, मी तर पाठ करून बसलो होतो, माझे मासे त्या भिंतीवर. टोपीवालीने असं काही केलं असेल हे मला पटत नाही. फार जपून वागणारी बाई. हे बोलताना त्यांनी टोपीवालीकडे बघितलं नाही. ती दहा पावलांवर होती. हात पुसत, नकलेत हातांसाठी कोऱ्या राहिलेल्या त्या दोन जागांकडे बघत. ब्रश उचलायची तिला सकाळपासून मनाई होती.

या दोघांचं भांडण अख्ख्या संग्रहालयाला पाठ होतं. टोपीवाली शालीसाठी एक निळसर हिरवा दगड विकत आणून, काचेच्या पाट्यावर काचेच्या वरवंट्याने घरी वाटायची. उस्तादाने तोच दगड वापरला होता म्हणे. डॉक्टर चिडवायचे, बाई, ही चटणी वाटण्यात तुमचं आयुष्य जायचं, माझ्या तीन स्वस्त ट्यूबांतून हाच रंग कालवून दाखवतो, तुम्हालाच ओळखू येणार नाही. ती म्हणायची, दाखवा. ते म्हणायचे, दाखवीन एक दिवस. सहा महिने हे चाललं होतं, आणि गेले दोन आठवडे ते बंद होतं.

बंद होतं, हे आत्यांना आत्ता जाणवलं.

त्या उठून लंबूकडे गेल्या आणि चहा मागितला. निळा कप हातात आला. त्यांनी चहा प्यायला नाही. कप उजेडात धरला, कानाशी जिथे पांढरी रेघ होती तिथे केसांतली पिन काढून टोचली. पिन घसरली. जोर देऊन टोचली. पिन वाकली.

आत्यांनी चहा कुंडीत ओतला, कप पदराने पुसला आणि फोटोग्राफरला सांगायला गेल्या की पिवळा दिवा घेऊन अडीच वाजता सहाव्या दालनात ये.

६

अडीचला सगळी जमली. संचालकांच्या हातात बैठकीचे कागद होते आणि नजर घड्याळावर. आत्या म्हणाल्या, तुमची दहा मिनिटं घेईन, साहेब, अकरावं घेतलं तर मला कामावरून काढा.

पहिल्यांदा त्यांनी दिव्याचा झोत टोपीवालीच्या नकलेवर टाकायला लावला. नकलेतली शाल निळसर हिरवी होती, तशीच राहिली. झोत मूळ चित्रावर नेला. तिथलीही शाल तशीच राहिली, जांभळा झाला तो फक्त ठिपका.

“बाई वापरतात तो उस्तादाचाच दगड,” आत्या म्हणाल्या. “उजेड असो की दिवा, तो रंग उस्तादाच्या रंगाबरोबर राहतो. ठिपका राहत नाही. हा रंग यांच्या पॅलेटवरचा नाही.”

संचालक म्हणाले, मग कुणाच्या? दुसऱ्या कुणाकडे हिरवा नाहीच.

आत्यांनी डॉक्टरांच्या पेटीतल्या तीन ट्यूबा मागितल्या. निळी, पिवळी आणि तांबडी. डॉक्टरांनी त्या स्वतःच काढून दिल्या. आत्यांनी त्या टोपीवालीपुढे धरल्या आणि म्हणाल्या, यांतून शालीचा रंग कालवा. टोपीवालीने क्षणभर डॉक्टरांकडे बघितलं. मग सुरीच्या टोकाने थोडा निळा घेतला, पिवळा घेतला, तांबडा नावाला, आणि एका पुठ्ठ्यावर कालवायला लागली. तीन आठवडे ज्या रंगामागे घालवले तो तिला दोन मिनिटांत मिळाला. काचेच्या छताखाली तो रंग शालीचा सख्खा भाऊ दिसत होता.

“दिवा,” आत्या म्हणाल्या.

पुठ्ठ्यावर वांग्याची साल उमटली.

लंबूच्या तोंडून काहीतरी निघालं. संचालक पुढे सरकले, पुठ्ठा बघितला, ठिपका बघितला. पण शिकलेला माणूस, लगेच म्हणाले की या ट्यूबा कुठल्याही दुकानात मिळतात.

“बरोबर आहे,” आत्या म्हणाल्या. “म्हणून हा कप आणला.” त्यांनी निळा कप दुरुस्तीवाल्याच्या हातात दिला. “बाळा, सकाळची सुई काढ. कानाजवळ जे पांढरं आहे ते टोचून बघ, आणि खड्ड्यात भरलंय ते हेच का, सांग.”

दुरुस्तीवाल्याने सुई काढली. पण त्याला ती टोचावी लागली नाही.

“तेच आहे,” डॉक्टर म्हणाले. “दाढा भरायचं सिमेंट. पाच मिनिटांत दगड होतं.”

ते बाकावर बसले आणि जे सांगितलं ते फार लांब नव्हतं. त्या मंगळवारी त्यांनी तीन ट्यूबांतून रंग कालवला होता. इतका जमला होता की त्यांचाच विश्वास बसेना. टोपीवाली कचेरीतून परत आली की तिच्यापुढे धरायचा आणि पैज जिंकायची, असं ठरवलं. पण त्याआधी खात्री हवी होती. आत्यांची खुर्ची रिकामी होती, लंबू मुलांमागे होता. ते दोरी ओलांडून गेले आणि रंगाची सुरी शालीच्या अगदी शेजारी धरली. रंग जुळला होता. त्या आनंदात हात हलला. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात सुईएवढी हत्यारं चालवली, कधी हात हलला नाही, तो तिथे हलला. सुरीचं टोक लागलं आणि खपली उडाली.

पुढचं हातांनी आपोआप केलं. खड्डा दिसला की साफ करायचा, भरायचा, कडा घासायच्या, शेजारच्या रंगाशी जुळवायचा. खिडकीच्या उजेडात जुळवायचा, हेही त्यांच्या धंद्याचंच. रुग्णाचा दात जुळवताना त्याला ते खिडकीशी नेत, कारण माणूस हसतो ते दिवसाच्या उजेडात. वीस मिनिटांत दात तयार.

“आणि खपली?” दुरुस्तीवाल्याने विचारलं. एवढा वेळ तो तेवढ्यासाठीच श्वास रोखून होता.

डॉक्टरांनी आतल्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. आत कापूस, कापसावर मुगाएवढा निळसर हिरवा तुकडा. सोळा दिवस ते ती डबी छातीशी घेऊन हिंडत होते. दुरुस्तीवाल्याने डबी दोन्ही हातांनी घेतली. तुकडा अख्खा होता. बसेल, तो म्हणाला, चित्र उद्या खाली न्यावं लागेल, तीन महिने जातील, परदेशवारी चुकेल, पण बसेल.

संचालकांनी विचारलं की सकाळीच का नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कुणाला कधी दिसेल असं वाटलंच नव्हतं. यावर आत्या काही बोलणार होत्या, पण टोपीवाली आधी बोलली. सकाळपासून ती कुणाशीच आपण होऊन बोलली नव्हती.

“दिसलं हे तुम्हाला कळलं तेव्हा नऊ वाजले होते, डॉक्टर. आता अडीच वाजून गेले. तुमच्या हातून चित्राला ओरखडा पडला, तो मी उद्या विसरेन. हे साडेपाच तास तुम्ही दहा पावलांवर बसून माशाचा डोळा काढत होता, ते विसरणार नाही.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी परवान्याचं कार्ड काढून संचालकांच्या कागदांवर ठेवलं, ब्रश न धुताच पेटी बंद केली आणि पाचव्या दालनातून निघून गेले. ईझलवर मासे राहिले.

७

तीनला पाच मिनिटं कमी होती. संचालकांनी हातातल्या ठरावाकडे बघितलं आणि आत्यांना विचारलं, एकदम हळू आवाजात, की आता मंडळाला काय सांगू?

“झालं ते सांगा. एक माणूस दोरी ओलांडून गेला, आणि एका पहारेकऱ्याला दोन दालनं दिली होती. नकलांचं यात काहीच चुकलेलं नाही. उलट, बाईंनी दगड वाटला नसता तर खरा रंग कुठला नि खोटा कुठला हे आपल्याला आज कळलं नसतं.”

संचालकांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. मग ते टोपीवालीकडे वळले आणि जरा चाचरत म्हणाले की परवाना कायम आहे, चित्र परत भिंतीवर आलं की राहिलेला महिना पूर्ण मिळेल. तिने मान डोलावली. पण तिची नजर चित्रातल्या हातांवर होती. साठीच्या माणसाला तीन महिने म्हणजे काय, ते आत्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या होत्या.

“साहेब, चित्र उद्या खाली जायचंय ना?” त्या म्हणाल्या. “मग आज ते इथेच आहे.”

संचालक म्हणाले, नकलांची वेळ एकला संपली. नियम आहे.

“सकाळच्या चार तासांत यांना ब्रश धरू दिला नाही. ते चार तास कुणाच्या नियमात बसतात ते सांगा, मी लगेच यांना घरी पाठवते.”

संचालक बैठकीला गेले. जाताना नाही म्हणाले नाहीत.

टोपीवालीने स्टूल ओढलं, टोपी पुढे घेतली. पॅलेटवर सकाळचा रंग सुकून गेला होता, तो खरवडून काढला आणि नव्याने कालवायला बसली. मांसाचा रंग, नखाचा रंग, सुईच्या बोटावरची सावली. पहिला अर्धा तास तिने कापडाला ब्रश लावलाच नाही. मग लावला आणि थांबली नाही.

आता दालन लोकांसाठी उघडलं होतं. माणसं आली, तिच्या मागे उभी राहिली, कुजबुजली. एका नवऱ्याने बायकोला विचारलं, खरं कुठलं? बायको म्हणाली, मोठं ते. लंबू पाचव्या दालनातून तीनदा डोकावून गेला आणि तीनदा हाकलला गेला. काचेच्या छतावरून ऊन पश्चिमेच्या भिंतीवर उतरलं, तिथून फरशीवर.

सव्वापाचला संचालक परत आले. मंडळाने नकला चालू ठेवल्या होत्या, आणि सहाव्या दालनासाठी दुसरा राखणदार मंजूर केला होता. हे सांगायला ते टोपीवालीच्या पाठीशी जाऊन उभे राहिले, घसा साफ केला. ती वळली नाही.

“अंगठा झाला,” ती म्हणाली. “तर्जनीला हात घातलाय. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

संचालक बाजूला झाले. त्यांनी घड्याळ बघितलं, मग दाराकडे बघितलं, जिथे बंद व्हायची घंटा टांगलेली होती.

घंटेखाली आत्या खुर्ची घट्ट रोवून बसल्या होत्या.

“वाजवते की, साहेब,” त्या म्हणाल्या. “उजेड जाऊ दे आधी.”